मटणाच्या भावात माळाचा वाटा

२०१९ च्या अखेरीस कोल्हापूरकरांनी मटणाच्या दरावरून जे रान उठवलं होतं, ते अनेकांना आठवत असेल. पेठापेठांतून बैठका झाल्या, कृती समिती निघाली, काही दिवस दुकानं बंद राहिली आणि शेवटी ५२० रुपये किलोवर तोड निघाली. आज तोच दर सातशेच्या पुढे आहे आणि कुणी हूं की चूं करत नाही, हा भाग वेगळा. त्या गदारोळात खाटकाची बाजू मांडली गेली, गिऱ्हाइकाची तर मांडली गेलीच, व्यापाऱ्याचीही थोडीफार मांडली गेली. ते जनावर ज्या माळावर वाढलं, त्या माळाची बाजू मात्र कुणाच्या डोक्यातही आली नाही. माझ्याही आली नव्हती. मीही तेव्हा दराबद्दलच बोलत होतो.

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्या निमित्तानं एक कल्पना पुन्हा चर्चेत आली आहे: मेंढपाळाच्या जनावराला चांगला बाजार मिळवून द्यायचा आणि त्या बदल्यात त्यानं कुरण राखायचं. व्यापार आणि संवर्धन एकाच दावणीला बांधायचे. कल्पना मला पटते. तिची मांडणी ज्या क्रमानं होते, तो क्रम मात्र पटत नाही. आधी बाजार, आधी ब्रँड, ‘माळावर चरलेल्या मेंढीचं मटण’ असा छापील डबा. आणि मेंढपाळाला त्या माळावर पाय ठेवता येतो का, हा प्रश्न नंतर कधीतरी. महाराष्ट्रात हा क्रम उलटा केल्याशिवाय काही साधणार नाही.

लोणंदच्या शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात एकदा भल्या पहाटे जाऊन उभं राहावं. टेम्पोच्या फळ्या धाडकन पडतात, कोकरांचा एकच कालवा उठतो. व्यापारी कोकराच्या पाठीवर कण्याच्या दोन्ही अंगांना बोटं दाबून मांस चाचपतो, पोटाखाली हात घालून ते एकदा उचलतो आणि खाली ठेवता ठेवता भाव बोलतो. काटा नसतो. सगळा सौदा नगावर, हाताच्या अंदाजावर. मेंढपाळ काही कच्चा नसतो, त्यालाही हातानं वजन कळतं. पण व्यापाऱ्यापुढे दुसरी पन्नास कोकरं उभी असतात आणि याला आलेली चार परत न्यायची नसतात. पुढचा बाजार आठ दिवसांनी, आणि तोवर वाडा, म्हणजे कळपासकट त्याचं बिऱ्हाड, कुठल्या गावाच्या शिवारात असेल ते त्यालाच माहीत नसतं. तीन-चार महिन्यांची कोकरं विकून निघालेल्या एका मेंढपाळाला मी विचारलं, “मामा, दिवाळीपर्यंत थांबला असता तर अजून चार-पाच किलो भरलं असतं की.” त्यानं पैसे बंडीच्या आतल्या खिशात सारले आणि म्हणाला, “थांबतो की. पण चारू कुठं?”

त्या ‘कुठं’ला उत्तर असेल तरच पुढच्या गप्पांना अर्थ आहे.

सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेत माण, खटाव, फलटण, बारामती, इंदापूर, सांगोला, आटपाडी, जत असा पट्टा पसरला आहे. वर्षाला ४०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, मुरमाड जमीन, मधूनच बोर, हिवर, तरवड आणि बाकी गवत: पवन्या, मारवेल, कुसळी. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल ही त्या गवताची माणसं. महसुली दफ्तरात मात्र या सगळ्याला एकच शब्द आहे, पडीक. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या संशोधकांनी उपग्रहाच्या चित्रांवरून देशभरातल्या अशा कोरड्या, मोकळ्या नैसर्गिक जमिनींचा नकाशा तयार केला. देशाच्या सुमारे १० टक्के भूभाग त्यात येतो, आणि त्यातला ५ टक्केही संरक्षित क्षेत्रात नाही. इथं पूर्वी घनदाट जंगल होतं, मेंढरांनी ते खाऊन उजाड केलं, ही समजूत अजूनही पक्की आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी ग्रंथांत आणि लोकपरंपरेत उल्लेखलेली झाडं तपासली, तेव्हा किमान ७५० वर्षांपूर्वीही पश्चिम महाराष्ट्रातला हा भाग झाडं विरळ आणि गवत फार असाच होता, असं दिसलं. आपल्या पूर्वजांनी बोर-बाभळीची नावं लिहून ठेवली म्हणून बरं. नाहीतर माळ हा माळच होता, हे सिद्ध करायलाही कागद नव्हता.

ही समजूत नुसती चुकीची असती तर एक वेळ चाललं असतं. तिच्यावर पैसा खर्च होतो. २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी झाडं लावायचं राज्याचं उद्दिष्ट होतं. एवढी झाडं लावायला जागा लागते, आणि मोकळी जागा म्हटलं की नजर माळावर जाते. कुरणात ओळीनं खड्डे, त्यात ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड, कडेनं चर आणि चराईबंदीची पाटी. माळगवताला ऊन लागतं. ग्लिरिसिडियाच्या सावलीत ते टिकत नाही. म्हणजे मेंढरू बाहेर, गवत मेलेलं, आणि कागदावर मात्र ‘हरित’ क्षेत्र वाढलेलं.

बाकीची जागा इतर कारणांनी आकसली. कालव्याचं पाणी आलं तिथं ऊस आला. शहराजवळ प्लॉट पडले. गायरानांवर आता सौर पॅनेल उभे राहत आहेत. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी जमिनी दिल्या जातात, त्यांत गायरानंही असतात. दिवसा वीज मिळणं ही शेतकऱ्याची खरी गरज आहे, ती थट्टेवारी नेण्यासारखी गोष्ट नाही. पण गायरान रिकामं होतं हे कुणी ठरवलं? ग्रामसभेत ठराव होतो तेव्हा धनगराचा वाडा महाडकडच्या एखाद्या भातखाचरात बसलेला असतो.

मेंढी गवत बुडापर्यंत कुरतडते, हे खरं आहे. काही कुरणं मेंढरांनीच खरवडलेली आहेत, हेही खरं आहे. मी पाहिलेली आहेत. पण मेंढरू एका जागी किती दिवस राहतं, यावर सगळं अवलंबून असतं. धनगराची पारंपरिक चाल अशी की पावसाळ्यात माळावर राहायचं, दिवाळीनंतर खाली कोकणात किंवा बागायती पट्ट्यात उतरायचं, पावसाच्या तोंडाला परत यायचं. ज्या महिन्यांत गवत वाळून उभं असतं त्या महिन्यांत माळाला उसंत मिळायची. वाटा बंद झाल्या, मधली कुरणं तारेत गेली, की तोच कळप उरलेल्या दोन-तीन तुकड्यांवर घोटाळत राहतो. ते तुकडे खरवडले जातात. मग अधिकारी येऊन तेच तुकडे दाखवतात: बघा, म्हणून चराईबंदी. कोंडलं म्हणून खरवडलं, आणि खरवडलं म्हणून अजून कोंडायचं.

अशा कोंडलेल्या अवस्थेत नुसता बाजार सुधारला तर काय होईल? भाव वाढला की मेंढरं वाढतील. कोणीही वाढवील, द्राक्षाला भाव आला की द्राक्ष वाढतंच. सरकारनं २०१७ ला ‘राजे यशवंतराव होळकर महामेष योजना’ काढली. २० मेंढ्या आणि १ नर, ७५ टक्के अनुदानावर. मेंढपाळाला भांडवल मिळालं हे चांगलंच. पण योजनेत जनावर दिलं तसं त्याच्या चराईची जागाही दिली असती तर काय बिघडलं असतं?

इथं एक गोष्ट शहरी संवर्धनवाल्यांच्या लक्षात येत नाही. ते म्हणतात, थोडीच जनावरं ठेवा, दणकट ठेवा, जास्त भाव घ्या. गणित सोपं वाटतं. पण मेंढपाळाचं उत्पन्न एकट्या मटणाचं कुठं असतं? लोकरीला आता कुणी विचारत नाही, कातरणीची मजुरीही निघत नाही. कित्येक जण ती बांधावर टाकून देतात. पण रात्री शेतात मेंढरं बसवायचे पैसे मिळतात, कुठं धान्य मिळतं. शेतात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून कळप बसवला की लेंडीखत आणि मूत जागच्या जागी पडतं. शेतकरी त्याचा हिशेब मेंढरांच्या संख्येवर करतो, त्यांच्या वजनावर नाही. शंभर मेंढरं म्हणजे शंभराचं खत. कळप निम्मा केला तर मटणाचा भाव कदाचित वाढेल, खताचा पैसा नक्की निम्मा होईल. हा हिशेब न मांडता ‘संख्या कमी करा’ म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातली भाकरी मोजणं.

यावर एक वाट फलटणमध्येच निघाली आहे. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं जुळी देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. एका मेंढीमागे कोकरं जास्त, म्हणजे तेवढ्याच विक्रीला उन्हाळ्यात पोसायची तोंडं कमी. मला यात फार मोठी शक्यता दिसते. पण दोन कोकरांना दूध पुरवायला मेंढीच्या पोटात चारा हवा, आणि रस्त्याच्या कडेचं धुळीनं माखलेलं गवत खाऊन ते दूध येत नाही. विज्ञानसुद्धा फिरून त्या ‘कुठं’पाशीच येतं. (माडग्याळी जातीच्या मेंढ्यांच्या शौकाची गोष्ट निराळी. २०२० च्या अखेरीस ‘सर्जा’ नावाच्या एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आल्याच्या आणि मालकानं दीड कोटी सांगितल्याच्या बातम्या झळकल्या होत्या. त्या भावाचा आणि माळाचा संबंध, मुंबईतल्या फ्लॅटच्या भावाचा विटेशी असतो तेवढाच.)

व्यापार आणि कुरण जोडण्याचा प्रयोग आफ्रिकेत आपल्या आधी झाला, आणि त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे. केनियाच्या उत्तरेकडच्या कोरड्या मुलखात ‘नॉर्दर्न रेंजलँड्स ट्रस्ट’ ही संस्था २००४ पासून काम करते. तिच्याशी जोडलेल्या राखीव क्षेत्रांतून गुरं थेट विकत घ्यायची, त्यासाठी मेंढपाळांना दूरच्या बाजारापर्यंत पायपीट करायला लावायची नाही, आणि दर जनावरामागे ठराविक रक्कम त्या क्षेत्राच्या कामांसाठी ठेवायची, अशी ती योजना. दुष्काळात गुरं वाळून मरण्याआधीच विकली जावीत, हा हेतू. कागदावर यात खोट काढायला जागा नाही. पण जानेवारी २०२५ मध्ये इसिओलोच्या न्यायालयानं बिलिको बुलेसा आणि चेराब ही दोन क्षेत्रं बेकायदा ठरवली. लोकांना विश्वासात न घेता ती उभारली गेली, हे कारण. गुरं विकत घेणारा, कुरणाचे नियम करणारा आणि पहारेकरी ठेवणारा जर एकच असेल, तर मेंढपाळ आपल्याच जमिनीवर गिऱ्हाइकाच्या मर्जीनं वावरतो. चांगला भाव मिळूनही माणसं कोर्टात का गेली, याचं उत्तर मला तरी यात दिसतं.

दक्षिण आफ्रिकेत मटाटिएलेच्या डोंगराळ भागात दुसरी तऱ्हा आहे. तिथं सामाईक कुरण ज्यांचं आहे ते पशुपालक आपसात ठरवतात: अमुक भाग अमुक महिने मोकळा ठेवायचा, परकी वॅटलची झाडं तोडायची. तो करार पाळणाऱ्या गावात फिरता लिलाव येतो, खरेदीदार दारात येतात. जमिनीवरचा हक्क आधीपासून लोकांचा, बाजार नंतर आलेला. आणि जवळचं उदाहरण हवं असेल तर कच्छचं बन्नी हे कुरण आहे. तिथल्या मालधाऱ्यांच्या, म्हणजे पशुपालकांच्या, बन्नी म्हशीला २०१० मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, दुधाला डेअरी आली, म्हशीचे भाव चढले. वेड्या बाभळीनं गिळलेलं गवत परत आणण्यात मालधाऱ्यांना रस आहे, कारण त्या गवताचं दूध होतं आणि दुधाचा पैसा घरात येतो. तरी तिथंही वनहक्काचं घोंगडं भिजत पडलेलं आहेच.

उलट, माणसाला वगळून केलेलं संवर्धन कसं फसतं ते पाहायला सोलापूर-अहिल्यानगरच्या पलीकडे जायला नको. माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. गावंच्या गावं, खासगी शेतं, रस्ते, सगळं त्यात. जमिनीचे व्यवहार अडले, बांधकामं अडली, आणि लोकांच्या मनात माळढोक हा पक्षी न राहता ‘आमची जमीन अडवणारा’ झाला. पुढे क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, तोवर माळढोक जवळजवळ संपला होता. ज्या माळावर त्याला जगायचं होतं तिथल्या माणसाला त्याच्या जगण्यातून एक पैसाही मिळत नव्हता. मिळत होती ती कटकट.

लांडग्याचंही तसंच. आपल्या माळावरचा लांडगा बऱ्याच अंशी धनगराच्या कळपावर जगतो. म्हणजे इथल्या वन्यजीवाला खाऊ घालणारा माणूस धनगरच. शासन भरपाई देतं, पण वेळेत वर्दी, जागेवर पंचनामा, कागद, बँक खातं. पहाटे लांडग्यानं कोकरू नेलं आणि सकाळी बिऱ्हाड घोड्यावर चढलं, तर पंचनामा कोण करणार आणि कुणाचा? पुणे वनविभागानं इंदापूरच्या कडबनवाडीत आणि बारामतीच्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. शहरातली माणसं पैसे भरून लांडगा बघायला येतात, हे मला मनापासून आवडतं. माळाकडे तिकीट काढून बघणं ही काही लहान गोष्ट नाही. पण ज्याच्या मेंढरावर तो लांडगा पोसला त्याचा त्या तिकिटात वाटा का नसावा?

तर मग करायचं काय? माझं म्हणणं असं. पहिलं काम बाजाराचं नाहीच. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(घ) मध्ये फिरत्या पशुपालकांचा चराईचा आणि हंगामी वापराचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. अडचण अशी की धनगर अनुसूचित जमातीत नसल्यानं त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा लागतो. सातबाऱ्यावर नाव नसलेला, चालत राहणं हाच ज्याचा पत्ता, त्या माणसानं पुरावा कुठून आणायचा? काहींच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांच्या वेळच्या चराई-पासच्या पावत्या असतात. वनखात्यानंच चराई फी घेऊन दिलेल्या. त्या पुरावा म्हणून धराव्यात. वाटेवरच्या गावांची साक्ष धरावी. आणि हक्काचा निकाल लागेपर्यंत कुरणांचे महिने वाटून लेखी हंगामी पास द्यावेत: अमुक कुरणात अमुक कळप, श्रावण ते अश्विन, पुढच्या वर्षी विश्रांती. ज्याच्या हातात पास आहे तोच कुरण राखील, कारण पुढच्या श्रावणात त्यालाच परत यायचं आहे. रातोरात चारून पळणारा काय राखणार?

मग बाजार. त्यासाठी ब्रँड आणि निर्यात यांच्या मागे लगेच धावायचं कारण नाही. निर्यातीचं काय होतं ते आपण पाहिलं आहे: २०१८ मध्ये नागपुराहून शारजाला शेळ्या-मेंढ्या पाठवायचा कार्यक्रम विरोधामुळे ऐन वेळी थांबला, २०२३ मध्ये जिवंत जनावरांच्या आयात-निर्यातीचा मसुदा केंद्रानं मागे घेतला. ज्यांना प्राणी मारणंच मान्य नाही, त्यांच्याशी माझा वाद नाही. पण लोकरीचा पैसा संपल्यावर कोकरू विकल्याशिवाय धनगराचं घर चालत नाही, आणि कोकराची वाट बंद केली तर माळावर मेंढरू राहणार नाही, ऊस किंवा प्लॉट राहील, एवढं त्यांनीही लक्षात घ्यावं. आपल्याकडे करायची गोष्ट फार साधी आहे. बाजारात जिवंत वजनाचा काटा ठेवा. मेंढीच्या जिवंत वजनाच्या निम्म्याहून थोडं कमी मटण निघतं, हे व्यापाऱ्याला पाठ असतं. काटा असला की ते मेंढपाळालाही पैशांत दिसतं, आणि चार किलो वाढेपर्यंत थांबण्याला काही किंमत येते. दुसरं म्हणजे बाजार समिती प्रत्येक सौद्यावर फी घेते. त्या फीतून आवाराचं डांबर होतं, दिवे होतात, कार्यालयाला रंग लागतो. त्यातला ठरलेला हिस्सा ज्या तालुक्यांतून जनावरं येतात तिथल्या कुरणांसाठी वेगळा काढता येईल. त्यातून पाणवठे, वेडी बाभळ काढणं, लांडग्यानं नेलेल्या जनावराची त्याच आठवड्यात रोख भरपाई. आणि तो पैसा कुठं घालायचा हे पास असलेल्या मेंढपाळांनी ठरवायचं. साहेबांनी नाही, संस्थेनं नाही, खरेदीदारानं तर नाहीच. केनियाचं घोडं तिथंच अडलं होतं.

यात भ्रष्टाचार होईल का? होईल. पास देताना कुणी चिरीमिरी मागेल, जवळच्यांना चांगलं कुरण मिळेल. पण आज जे चालतं ते काय आहे? एका मेंढपाळानं मला सांगितलं होतं की बंद कुरणात आठ दिवस चारायचं तर एक कोकरू द्यावं लागतं. कुणाला ते मी लिहीत नाही. म्हणजे चराईची फी आजही घेतली जाते. ती फक्त शिजवून खाल्ली जाते.

लोणंदच्या त्या मामांना मी यातलं थोडंफार सांगून पाहिलं. पास, काटा, फीतला हिस्सा. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं, मान हलवली आणि मग त्यांना ज्याची घाई होती ते विचारलं. दिवाळीनंतर त्यांना खाली उतरायचं होतं. वरंधा घाटाचं काम चालू आहे का बंद, आणि भोरच्या अलीकडे जे नवीन तारेचं कुंपण झालंय म्हणतात, त्यात मेंढरांना वाट ठेवलीय का. मला दोन्हीही माहीत नव्हतं.